उठवणाऱ्या मॅडम

माझी आजी हातपंपाजवळ पडली तेव्हा मी आठवीत होते. मूर्तिजापूरकडच्या आमच्या खेड्यातून बाबांनी तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. कमरेचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलं नाही, घरी न्या. आम्हाला इतका आनंद झाला की बाबांनी येताना जिलेबी आणली. मग आजीला बाजेवर निजवलं आणि त्यानंतर कोणी तिला उठू दिलं नाही. जो भेटायला येई तो म्हणे, "पडू द्या बुढीले, आराम करू द्या." आई तिला घास भरवायची, अंग पुसायची, भांडं द्यायची. त्यासाठी आईचं निंदणाला जाणं बंद झालं, आणि आईच्या जागी वावरात जायला थोरल्या बहिणीने शाळा सोडली. काही महिन्यांत आजीच्या कमरेखाली जखमा झाल्या. त्या वासात बसून मी नववीचा अभ्यास केला. उन्हाळ्यात आजी गेली. गावात आईचं नाव झालं की सून असावी तर अशी, सासूला पाण्याचा पेला उचलू दिला नाही. आईलाही ते खरं वाटलं. मलाही.

आपण त्या बाईला प्रेमाने अपंग केलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते कळलं नसीम मॅडममुळे.

बारावीनंतर मला एमबीबीएसला मार्क कमी पडले आणि ऑक्युपेशनल थेरपीला नागपूरला नंबर लागला. म्हणजे काय ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. दुखण्यामुळे किंवा वयामुळे ज्याची रोजची कामं सुटली, अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, त्याला ती पुन्हा करता यावीत म्हणून मदत करायची, असं ते काम. बाबांनी गावात सरळ सांगून टाकलं, "पोरगी डॉक्टर होऊन राह्यली." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. आमच्या सगळ्या भावकीत मी पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

पहिली नोकरी अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात लागली, कंत्राटी. आमचा विभाग वरच्या मजल्यावर होता. मी छान इस्त्रीचा पांढरा कोट घालून गेले, तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "नसीम मॅडम इथं कुठं सापडतेत? खाली कॅज्युअल्टीत पाहा. उठवणाऱ्या मॅडम कुठे, म्हणून विचारा."

खाली पाहिलं तर व्हरांड्यापर्यंत स्ट्रेचर लागलेली. अपघात, साप, विष, ताप, सगळं एकाच दारातून आत येत होतं. त्या गर्दीत एक बुटकी, जाड बाई, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट, एका म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडत होती, "बाबाजी, चहा कोन ठेवते घरी? तुमी का सून?"

मी नाव सांगितलं. पदवी सांगितली. कॉलेज सांगितलं.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "झोप याच्यावर."

"कशावर?"

"स्ट्रेचरवर. रिकामं झालं आत्ता. कोनी आलं का उठ."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्यांनी माझे दोन्ही गुडघे पट्टीने जखडले, चष्मा काढून घेतला आणि निघून गेल्या. डोळ्यांवर ट्यूबलाइट. पाय खाली सोडावे तर जमीन कुठे आहे कळेना, इतकं ते स्ट्रेचर उंच. जाणारा येणारा माझ्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलत होता. पाणी मागितलं तर कोणीतरी म्हणालं, "थांबा आजी." मी तेवीस वर्षांची! मॅडम परत आल्या तेव्हा मी कडेला धरून बसले होते आणि मला लघवीला जायचं होतं.

"जा," त्या म्हणाल्या, "एकटी जा."

मी उतरू शकले नाही. त्यांनी हसत पट्टी सोडली. "दुपार नाही झाली तुले. आपले म्हातारे इथं काल सकाळपासून हायेत. मानूस स्ट्रेचरवर जास्त ठेवला का थो स्ट्रेचरचाच होते, बेटा."

ही त्यांची शिकवणी. यापलीकडे त्यांनी मला कधी लेक्चर दिलं नाही.

त्या अचलपूरच्या. रोज एसटीने अप-डाऊन. वडील तिथे शिंपीकाम करायचे, म्हणून की काय त्यांच्या थैलीत हूक असलेलं एक जुनं ब्लाऊज, नाडा ओवायचा पायजमा, झाकणाचा डबा आणि स्टीलचा तांब्या असायचा. तपासणीचं सामान ते एवढंच. म्हाताऱ्या माणसाला "बरं वाटते का?" असं त्या कधी विचारत नसत. "बरंच वाटते सगळ्याइले," त्या म्हणायच्या, "घरी जायचं असते ना." त्या तांब्या हातात देत आणि गप्प राहून पाहत. नाडा ओवायला देत. बाईला म्हणत, "माय, पदर घेऊन दाखव." मग हात धरून स्ट्रेचरवरून खाली उतरवत आणि खुर्चीत बसवत.

ती खुर्ची म्हणजे एक भांडणच होतं. हात असलेली लाकडी खुर्ची, त्यांनी कुठल्याशा बंद खोलीतून ओढून आणलेली, कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात पाण्याच्या माठाजवळ ठेवलेली. नातेवाईक तिच्यावर बसत, पोलीस बसत. मॅडम दिसल्या की उठत. कारण त्या एका पोलिसाला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "साहेब, तुमाले चालता येते ना? मंग चाला."

तर त्यांची सगळी धडपड या कोपऱ्यासाठी होती. त्यांची नेमणूक वरच्या मजल्यावरची. खाली येणं हे त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेलं काम, कोणत्याही आदेशात नसलेलं. कोणी एक साहेब "वर जा" म्हणाला की संपलं. आणि निवृत्ती जवळ येत होती. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. म्हाताऱ्या माणसाला उठवून, चालवून पाहिल्याशिवाय कॅज्युअल्टीतून घरी पाठवायचं नाही, हे कोणाचं तरी ठरलेलं काम व्हावं, त्यासाठी खाली एक जागा मिळावी. "मी गेली का हे बंद पडन," त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नाही. पाऊस येईल म्हणावं तसं.

तिथले डॉक्टर ठाकरे माझ्याहून थोडेच मोठे. वाईट माणूस नव्हता. पण डोळ्यांखाली काळं, हातात कायम अर्धा वडा. एकदा दर्यापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींना त्यांनी सुट्टी लिहिली. हाड शाबूत, रक्तदाब ठीक. मुलगा गाडी दारात लावून आला. मॅडमनी गुरुजींना धोतर नेसायला सांगितलं. गुरुजी दोनदा कासोट्याला हात मागे नेऊन थांबले आणि भिंतीकडे कलले.

"नाही जात हे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मले बेड पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "बाहेर लोक जमिनीवर पडून हायेत."

"बेड घ्या. मानूस मले द्या."

गुरुजी दिवसभर त्या खुर्चीत. मॅडमनी त्यांना बसून धोतर नेसायला शिकवलं, मग मुलाला बाजूला घेऊन समजावलं की धोतर यांनीच नेसायचं, तू नेसवायचं नाही. गुरुजी जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत असता तर माझी नोकरी गेली असती." मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या शाळेत मी नापास झाली असती."

घर पाहायला जाणं तर शक्य नव्हतं. मग त्यांनी मोबाइलची युक्ती काढली. घरी जी सून असेल तिला व्हिडिओ कॉल लावायचा आणि बाजेपासून संडासापर्यंत चालत घर दाखवायला सांगायचं. अर्धी कॅज्युअल्टी ते ऐकून हसायची.

"मोबाइल खाली धर, बाई. तुहं तोंड नको दाखवू, जमीन दाखव."

"मॅडम, हे आमचं देवघर."

"देव बरे हायेत. उंबरा दाखव. किती उंच हाये थो?"

"वीतभर."

"तुही वीत का माही?"

या मोबाइलमध्येच ती चूक झाली.

कौसल्याबाई अंजनगाव सुर्जीच्या पुढच्या खेड्यातल्या. आयुष्यभर पानमळ्यात काम केलेली बाई, विड्याची पानं निवडून जुड्या बांधायची. चक्कर येऊन पडल्या म्हणून आणलेल्या. दोन दिवसांत तरतरीत झाल्या. मॅडमनी उठवलं, चालवलं, सगळं केलं. मग घरी सुनेला, रेखाला, फोन लावला. "घर दाखव." रेखा म्हणाली, "थोडं थांबा मॅडम, मीच लावते." तासाभराने तिचा फोन आला. काय सुंदर घर! घरकुलाच्या नव्या टाइल्स चकचकीत, बोळ मोकळा, कुठे काही अडखळायला नाही, बाजेपासून बोळापर्यंत लाल-निळी सतरंजी. मॅडम खूश झाल्या. "वा रेखा! रस्ता मोकळा हाये. पाठवून देतो तुह्या सासूले."

चार दिवसांनी कौसल्याबाई परत आल्या, खुब्याचं हाड मोडून.

झालं होतं असं. त्या बोळात भिंतीला लागून सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचलेले असत. कौसल्याबाई रोज त्या कट्ट्यांवर हात टेकत टेकत संडासला जायच्या. रेखाने तासभर थांबायला लावलं ते कट्टे हलवायला. शहरातल्या मॅडम घर पाहणार म्हणून शेजारच्या दोन बाया बोलावून तिने कट्टे मागच्या खोलीत टाकले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली सतरंजी काढून अंथरली. सासू दवाखान्यातून येणार म्हणून घर तसंच छान राहू दिलं. कौसल्याबाई पहाटे उठल्या, सवयीने हात बाजूला टाकला, तिथे काही नव्हतं. पायाखाली सतरंजी सरकली.

हे सगळं मुलगा सांगत होता तेव्हा मॅडम माठाजवळ उभ्या होत्या. ओढणीचं टोक तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. मी दाराबाहेर होते. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. "नसीम मॅडम, तुमचा विभाग वर आहे. तुम्ही खाली जाऊन म्हाताऱ्यांना 'जाऊ द्या' म्हणता आणि ते हाड मोडून येतात. उद्या नातेवाईक माझ्या दारात येतील. आता वरचंच काम पाहा."

त्या वर आल्या. खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यांनी डबा उघडला आणि झाकून ठेवला.

"मॅडम, चूक रेखाची आहे," मी म्हणाले. "तिने घर आवरलं."

"पाहुणा येनार म्हनल्यावर कोन नाही आवरत? तुही माय नाही आवरत?" त्या म्हणाल्या. "मी मोकळा रस्ता पाह्यला अन् खूश झाली. हात कुठं टेकतेत ते नाही विचारलं. एवढी वर्सं झाली, सुजाता, अन् एवढं नाही विचारलं." मग डबा बाजूला सारत, "थकली बेटा मी."

खरंच थकल्या होत्या. त्यानंतर बरेच दिवस त्या वरच बसून राहिल्या. वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या. मावशींनी माठाजवळची खुर्ची धुऊन वर आणून ठेवली. तिच्यावर कोणी बसेना.

कौसल्याबाईंचं ऑपरेशन झालं, त्या घरी गेल्या. एका रविवारी मॅडमनी मला सांगितलं, परतवाड्याच्या स्टँडवर ये. तिथून एसटीने अंजनगाव, पुढे काळीपिवळी जीपने ते खेडं. न सांगता गेलो. तरी गावात आम्ही दिसताच कोणीतरी धावत बातमी दिली असावी. आम्ही दारात पोचलो तेव्हा रेखा वाकून सतरंजी अंथरत होती. तीच, लाल-निळी.

मॅडम उंबऱ्यातच थांबल्या. "ही कोनासाठी टाकली, रेखा?"

"तुमच्यासाठी मॅडम. बसा ना."

"मलेही पाडतं का?"

रेखाला आधी हसू आलं आणि मग ती रडायलाच लागली. "आमी तं इज्जतीसाठी केलं हो मॅडम. लोक काय म्हनतीन, मॅडमले असं घर दाखवलं म्हनून."

मॅडमनी सतरंजी स्वतः गुंडाळली, कपाटावर टाकली आणि थंड टाइल्सवर फतकल मारून बसल्या. "रडू नको. चूक माही हाये. मी घर दाखव म्हनलं, तू पाहुनचार केला. आता जसं होतं तसं कर. कट्टे आन."

"पुन्हा बोळात?"

"जिथं होते तिथं."

मुलाने आणि मी कट्टे ओढून आणले. कौसल्याबाई वॉकर धरून उभ्या होत्या. त्यांनी एक हात सोडून कट्ट्यावर टेकवला, आणि तिथल्या तिथे चेहरा बदलला. अंधारात ओळखीचा आवाज ऐकल्यावर बदलतो तसा. कट्टे विकले जातील तेव्हा काय, म्हणून मॅडमनी मुलाकडून भिंतीत लोखंडी पाइप बसवायचं कबूल करून घेतलं, बरोबर कट्ट्यांच्या उंचीवर. मापासाठी त्यांनी कौसल्याबाईंचा हातच भिंतीला लावून कोळशाने खूण केली.

मग विचारलं, "माय, तुमाले काय करू वाटते?"

"पानं आन म्हनाव घरी. बसल्या बसल्या निवडतो." कौसल्याबाई म्हणाल्या. "हे लोक हातच लावू देत नाहीत. मी का मेली?"

रेखा दबक्या आवाजात म्हणाली, "ऑपरेशन झालेल्या सासूले कामाले लावलं, म्हनतीन."

"जो म्हनन त्याले माह्याकडे पाठव," मॅडम म्हणाल्या. "अचलपूरले. मी त्याले स्ट्रेचरवर झोपवतो."

मी भिंतीला टेकून उभी होते. पाण्याचा पेला उचलू न देणारी माझी आई मला त्या रेखामध्ये दिसत होती, आणि मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते.

परतीच्या गाडीत मॅडम म्हणाल्या, "आता आपन घर आवरू नका म्हनायचं. आधी हेच विचारायचं, हात कुठं टेकता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन विचारू कोनाले? खाली तं जाता येत नाही."

तो प्रश्न शेवटी डॉक्टर ठाकरेंनी सोडवला. एका दुपारी ते स्वतः वर आले, धापा टाकत. सकाळी त्यांनी सुट्टी दिलेला म्हातारा घरासमोर ऑटोतून उतरताना पडून परत आला होता. महिन्यातला असा कितवा तरी.

"मॅडम, खाली या."

"साहेबानं मना केलं हाये."

"मी बोललो साहेबांशी. भांडलो. तुमच्यासाठी नाही भांडलो, सांगून ठेवतो. तेच ते म्हातारे परत येतेत अन् माहे स्ट्रेचर अडकतेत. तुमी होत्या तेव्हा एवढे नव्हते येत."

मॅडमनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जेवले का तुमी?"

"नाही."

"मंग आधी जेवा. येतो मी." आणि मला म्हणाल्या, "खुर्ची उचल."

त्यानंतर साहेबांनी सरकारकडे प्रस्ताव पाठवला, की कॅज्युअल्टीसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची वेगळी जागा द्यावी. प्रस्ताव गेला, परत आला, पुन्हा गेला. मॅडम कोणालाच विचारत नसत त्याचं काय झालं म्हणून. मीच विचारायचे, आणि मला दरवेळी तेच उत्तर मिळायचं, विचाराधीन. त्या मात्र सकाळच्या एसटीने येत, ओढणी बांधत आणि माठाजवळ उभ्या राहत. गुडघे त्यांचे स्वतःचेच गेले होते. एखाद्या आजीला उठवताना दोघी मिळून "या अल्ला", "अवं माय" म्हणत उठायच्या, आणि कोण कोणाला उठवतंय ते कळायचं नाही.

त्यांची निवृत्ती झाली तेव्हा जागा मंजूर झालेली नव्हती. वरच्या मजल्यावर शाल-नारळ झाला. भाषण करा म्हणाले तर मॅडम म्हणाल्या, "खाली एक आजी बसवून आली मी खुर्चीत. तिले पाहा कोनी," आणि जागेवर बसल्या. तेच भाषण.

संध्याकाळी मी त्यांची थैली घेऊन स्टँडवर गेले. पाणी घ्यायला मागे राहिले, परत आले तेव्हा त्या अचलपूरच्या गाडीत चढून खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर शाल आणि नारळ. गाडी अजून सुरूही झाली नव्हती, आणि त्या गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. बाटली त्यांच्या शेजारी ठेवली. थैली पायाशी ठेवली. हाक मारली नाही. कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी निघाली.

पुढच्या वर्षी अमरावतीच्या त्या कॅज्युअल्टीत एक जागा मंजूर झाली, आणि तशीच एक अकोल्याला. अकोल्याच्या जागेवर मी आहे, कायम. आमच्याकडे आता कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला उठवून, चालवून पाहिल्याशिवाय घरी पाठवत नाहीत.